परमुलखातल्या लढाईत गेलेल्या घरच्या माणसाचं नाव सरकारी नोंदीत कसं आणावं?

पितृपंधरवड्यात आमच्या ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांमध्ये एक खूण सापडते. बाकीच्या पितरांची पानं त्यांच्या त्यांच्या तिथीला वाढली जातात, पण एखाद्याच माणसाचं पान भाद्रपद वद्य चतुर्दशीला असतं. पंचांगात त्या दिवसापुढे ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचा तो दिवस. आमच्या लष्करातल्या घरी पणजोबांच्या धाकट्या भावाचं पान असंच चतुर्दशीला असायचं. (लष्कर म्हणजे आमची वस्ती. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये इथे पडली आणि तंबूंचं शहर झालं. ‘मी लष्करात राहतो’ म्हटलं की पुण्याचे पाहुणे अजून हुद्दा विचारतात.) आजीला विचारलं तर ती एवढंच सांगायची, “ते आफ्रिकेत लढाईत गेले.” कोणती लढाई, कोणतं साल, माती कुठे झाली, याचा घरात कुणालाच पत्ता नव्हता.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी (म्हणजे भारतीय) माणसं समुद्रापार गेली आणि सुमारे ७४,००० परतली नाहीत. मृतांची नोंद ठेवायला १९१७ मध्ये इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं. आज तेच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणून ओळखलं जातं आणि भारत त्याच्या सहा सदस्य देशांपैकी एक आहे. हुद्दा, वर्ण, धर्म न पाहता प्रत्येक मृताचं नाव राखायचं, हे त्याचं पहिल्यापासूनचं वचन. ते पाळलं गेलं नाही, हे कमिशनच्याच समितीने एप्रिल २०२१ मध्ये लिहून दिलं. किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसं नावाने नोंदलीच गेली नाहीत किंवा अजिबात स्मरली गेली नाहीत. त्यांत बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतली. हिंदी शिपायांसकट आणखी ४५,००० ते ५४,००० जणांचं स्मारक झालं, पण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने झालं नाही. त्यावर ब्रिटिश सरकारने संसदेत माफी मागितली. थोडक्यात, तुमच्या घरच्या माणसाचं नाव गाळलेलं असू शकतं आणि ते आज मागता येतं. त्यासाठी फी नाही, वकील लागत नाही आणि वारस असण्याचीही अट नाही. मोहल्ल्यातल्या एखाद्या निपुत्रिक शिपायासाठीही तुम्ही अर्ज करू शकता.

मात्र कागद शोधणं हे निम्मंच काम. खरी मेहनत पुढे आहे. घरच्या आठवणीतला माणूस आणि सरकारी कागदावरचा माणूस एकच, हे ज्याला आपली भाषा, आपली आडनावं आणि आपलं पंचांग माहीत नाही अशा तिऱ्हाइताला पटवून द्यायचं असतं. पुढचं सगळं त्याच दृष्टीने वाचा.

आधी घर झाडा

अभिलेखागारात धाव घेण्याआधी माळा, देवघर, आत्या-मावशांच्या पेट्या आणि दूरच्या चुलत घरांची चौकशी. ‘आमच्याकडे काही नाही’ हे पहिलं उत्तर कधीच खरं धरू नका.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे पदक. ब्रिटिश वॉर मेडल गोल आणि चांदीचं असतं. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. चांदीचं असल्यामुळेच यांतली कितीतरी पदकं मुलींच्या लग्नात सराफ्यात वितळली. फौजेबरोबर गेलेल्या नोकरमाणसांना हेच पदक ब्राँझचं मिळत असे, म्हणून ‘तांब्याचं आहे, खोटं असेल’ म्हणून टाकून देऊ नका. १९१४-१५ चा तारा असेल तर अक्षरं मागच्या बाजूला असतात. फोटो काढण्याआधी पदक चिंच लावून घासायचा मोह आवरा, कारण झिजलेली अक्षरं त्यात आणखी जातात. खिडकीशी तिरप्या उजेडात धरा, कड फिरवत आठ-दहा फोटो घ्या आणि जसं दिसतं तसं लिहून काढा. जे अक्षर कळत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा.

दुसरी वस्तू म्हणजे मृताच्या वारसाला मिळालेली ब्राँझची तबकडी. साधारण पावणेपाच इंच व्यास, त्यावर ब्रिटानिया, सिंह आणि चौकटीत माणसाचं नाव. हुद्दा नाही, नंबर नाही. एका घरी मी ती तुळशीच्या कोनाड्यात दिव्याखाली ठेवलेली पाहिली आहे, समईच्या तेलाने काळी झालेली. ही तबकडी घरात आहे याचाच अर्थ सरकारने त्या माणसाला एकदा युद्धमृत मानलं होतं. अर्जात हा मुद्दा जोरात मांडा.

मग कागद. पेन्शनीचा कागद, मनीऑर्डरीची पावती, कमानअफसराचं पत्र, जमिनीच्या वाटणीत ‘मयत’ म्हणून आलेलं नाव. यांतलं बरंच मोडीत असेल. मोडी वाचणारे ग्वाल्हेरात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुण्या-मुंबईकडे मात्र वर्ग चालतात आणि वाचून देणारे भेटतात. प्रत्येक मोडी कागदाचे तीन थर करून ठेवा: मूळ कागदाचा फोटो, त्याखाली ओळीस ओळ देवनागरी आणि त्याखाली इंग्रजी भाषांतर. कमिशनला इंग्रजी लागतं, पण अनुवादात शंका आली तर मूळ ओळ समोर दिसली पाहिजे.

आणि एक साधन असं आहे जे विलायतेतल्या संशोधकाला स्वप्नातही सुचणार नाही: तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबक, काशी, गया, जिथे घरचं कुणी पिंडदानाला गेलं असेल तिथे उपाध्यायांकडे आडनाव आणि मूळ गाव सांगा. मूळ गाव म्हणजे ग्वाल्हेर नव्हे, दक्षिणेतून जिथून आलात ते. आमच्या पणजोबांनी भावाचे पिंड त्र्यंबकला दिले होते. वहीत त्यांच्या हातची मोडी ओळ मिळाली: वडिलांचं नाव, भावांची नावं आणि धाकट्यापुढे ‘आफ्रिकेत मयत’. मृत्यूचा पुरावा म्हणून असा कागद एकटा पुरा पडत नाही. पण नातं आणि बापाचं नाव यांसाठी त्याच्याइतका जुना आणि निर्व्याज साक्षीदार दुसरा नाही.

तिथीचा घोळ

हा विषय थोडा लांबवतो, कारण इथे आमचे आठ महिने गेले.

घरच्या जुन्या पोथीच्या पुठ्ठ्यावर ‘शके १८३८ कार्तिक वद्य ९’ अशी नोंद होती. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १९१६ चा नोव्हेंबर. संवत दिलेला असेल तर ५७ वजा करा: संवत १९७३ म्हणजेही १९१६. वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत एकाचा फरक पडतो, तेवढं सांभाळा. बडोद्याच्या वाचकांनी आणखी जपावं, कारण गुजराती संवत कार्तिकात सुरू होतो आणि उत्तरेकडचा चैत्रात.

ग्वाल्हेरात त्यावर आणखी एक गाठ आहे. आपल्या घरात महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदीभाषक घरात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच, पण वद्य पक्षात नाव बदलतं. आपली कार्तिक वद्य नवमी म्हणजे त्यांची अगहन वदी नवमी. संस्थानातला कागद कोणत्या कारकुनाने लिहिला त्यावर महिना एकाने पुढे-मागे होतो. म्हणून वद्य पक्षातली तिथी दिसली की दोन्ही हिशेबांनी इंग्रजी तारीख काढा आणि दोन्ही टिपून ठेवा.

हे सगळं करूनही आमची तारीख कुठल्याच सरकारी यादीशी जुळेना. शेवटी आत्याने सहज सांगितलं, “अरे, ती बातमी आल्याची तिथी असेल.” परगावी गेलेल्याच्या मृत्यूची तिथी कळली नाही तर बातमी ज्या दिवशी आली ती तिथी धरतात, हा रिवाज आम्हाला माहीत होता. फक्त तो आपल्याच पोथीला लावून पाहायचं सुचलं नव्हतं. पूर्व आफ्रिकेतल्या इस्पितळातून वार्ता लष्करातल्या घरी पोचायला महिने लागले असणार. तेव्हा घरच्या तिथीला शेवटची मर्यादा समजा: माणूस त्या दिवशी किंवा त्याआधी गेला. शोध मागे सहा-आठ महिन्यांपर्यंत न्या.

पलटण कोणती, हे पक्कं करा

‘शिंद्यांच्या फौजेत होते’ एवढ्यावर काम होत नाही. दोन वाटा अगदी वेगळ्या आहेत.

एक, संस्थानी फौज. १८८९ च्या सुमारास इम्पीरियल सर्व्हिस ट्रूप्स ही व्यवस्था सुरू झाली. संस्थानाने ठरावीक पलटणी तयार ठेवायच्या आणि युद्धात त्या साम्राज्य सरकारच्या हाताखाली द्यायच्या. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्व आफ्रिकेतल्या तांगाच्या किनाऱ्यावर सपशेल हरलेल्या मोहिमेत तिसऱ्या ग्वाल्हेर इन्फंट्रीची निम्मी पलटण होती. चौथी ग्वाल्हेर इन्फंट्री इजिप्तमध्ये होती. इंदूरच्या होळकरांनी ट्रान्सपोर्ट कोअर दिली होती. अशा माणसासाठी ‘ही पलटण तेव्हा साम्राज्याच्या सेवेत होती’ हे दाखवणारा एक तरी कागद जोडा, म्हणजे बाजू भक्कम होते.

दुसरी वाट थेट हिंदी सैन्याची. मराठी माणूस बहुधा मराठा पलटणीत असे. १०३, ११० आणि ११७ या पलटणी इराकमधल्या कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे सुमारे १३,००० जणांनी शस्त्रं ठेवली आणि पुढे कैदेत फार माणसं मेली. पलटणींचे नंबर १९२२ मध्ये बदलले. १०३ ची पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी. म्हणून आजोबांच्या तोंडी ‘पाचवी मराठा’ आणि कागदावर ‘११७’ असेल तर गोंधळू नका. महार शिपायांसाठी दोन नावं लक्षात ठेवा: १९१७ मध्ये उभी राहून १९२१ मध्ये मोडलेली १११ महार आणि १९४१ ची महार रेजिमेंट.

संस्थानं विलीन झाल्यावर फौजा कुठे गेल्या हेही महत्त्वाचं. चौकशी कुणाकडे करायची ते त्यावरून ठरतं. चौथी ग्वाल्हेर इन्फंट्री कुमाऊँ रेजिमेंटची १४ वी बटालियन झाली आणि इंदूर इन्फंट्री १५ वी. त्यामुळे मराठी संस्थानच्या शिपायाचा माग काढताना पत्र कुमाऊँ रेजिमेंटच्या केंद्राला, राणीखेतला लिहावं लागतं! बडोद्याची दुसरी इन्फंट्री मात्र मराठा लाइट इन्फंट्रीची २० वी बटालियन झाली, म्हणजे त्यांचं पत्र बेळगावला. महार रेजिमेंटचं केंद्र तर आपल्याच मध्य प्रदेशात, सागरला. पत्रात नंबर, नाव, पलटण, अंदाजे साल एवढंच मोजकं लिहा. कुटुंबाची पराक्रमगाथा लिहिलेली पत्रं फायलीत अडकतात, असा अनुभव आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करायला संकोचू नका.

नाव आधीच नोंदलेलं आहे का?

नवी नोंद मागण्याआधी कमिशनच्या संकेतस्थळावरच्या मृतांच्या यादीत नीट शोधा. निम्म्या घरांचं काम इथेच वेगळं वळण घेतं: नाव असतं, पण ओळखू येत नाही.

गोऱ्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं, पुढच्याने ते वाचून चुकीचं उतरवलं, तिसऱ्याने टंकलं. जाधवचं जाधाओ होतं, पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे किंवा सिंधिया, गणपतरावचं गनपत रौ. बहुतेक हिंदी शिपायांच्या नोंदीत आडनाव-नाव ही फोडच नसते. आडनावाच्या रकान्यात नुसतं ‘रामा’, किंवा नाव आडनावाच्या जागी आणि आडनाव गायब. म्हणून नावाने शोधूच नका. फौज ‘इंडियन’ निवडा, पलटण टाका, तारखांची मर्यादा घाला आणि आलेली सगळी यादी उतरवून घ्या. ती तक्त्यात उघडा आणि संध्याकाळी चहा घेऊन ओळ न् ओळ मोठ्याने वाचा. डोळ्यांना जे कळत नाही ते कानाला कळतं. ‘अतिरिक्त माहिती’ या रकान्यात बापाचं नाव, गाव, तालुका असं कधीकधी असतं. तो सोडू नका.

आमचा माणूस असाच सापडला. आडनाव इतकं विद्रूप झालेलं की पाच वेळा नजरेखालून गेलं होतं. सहाव्यांदा शेजारच्या रकान्यातला नंबर दिसला, आणि तो आत्याकडच्या पदकाच्या कडेवरचा होता. सरकारी नोंदीतली मृत्यूची तारीख जूनमधली, घरची तिथी नोव्हेंबरमधली. पण नंबर, पलटण, वर्ष आणि प्रदेश चारही एक. म्हणजे आमचं काम नव्या नोंदीचं नव्हतंच, दुरुस्तीचं होतं.

कोणाची नोंद कोणत्या स्मारकाखाली असते याचा ढोबळ नकाशा डोक्यात ठेवा. फ्रान्समधल्यांची नव शापेल इथे, इराकमधल्यांची बसऱ्याला, इजिप्त-पॅलेस्टाइनमधल्यांची पूर्वी पोर्ट तौफीकला आणि आता हेलिओपोलिसला, पूर्व आफ्रिकेतल्यांची नैरोबी, तांगा वगैरे ठिकाणी, वायव्य सरहद्दीपलीकडच्यांची दिल्लीच्या इंडिया गेटवर. इंडिया गेटवर १३,००० हून जास्त नावं आहेत, पण आपण तिथे आइस्क्रीम खाऊन परत येतो. ब्रह्मदेशात १९४२-४५ मध्ये गेलेल्यांची नावं रंगून मेमोरियलवर, इटलीत गेलेल्यांची बहुधा कॅसिनोला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे यांचं नाव कॅसिनोच्याच स्मारकावर आहे, कारण त्यांचा देह सापडला नाही. बसऱ्याची गोष्ट कडू आहे. तिथे ४०,००० हून जास्त मृतांचं स्मारक, पण हिंदी फौजेपैकी दगडावर नावं कोरली ती फक्त अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार आकडाच तेवढा. नावं कागदी यादीत राहिली. तेव्हा ‘दगडावर नाव नाही’ म्हणजे ‘नोंद नाही’ असं नाही. जहाजांवरच्या खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळ आहे. शोधणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात.

पात्र कोण?

घरोघरी याबद्दल गैरसमज आहे. ‘ते कुठे लढताना मेले, तापाने गेले’ असं सांगून लोक फाइल बंद करतात. तसं नाही. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत सैन्यसेवेत असताना माणूस गेला, एवढं पुरे. कारण कोणतंही चालतं. गोळी, हिवताप, आमांश, १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएन्झाची साथ), खेचराची लाथ, बुडून, आत्महत्या, सगळं धरलं जातं. १९१९ च्या अफगाण युद्धातले आणि त्यानंतर वझिरिस्तानात गेलेले त्या मुदतीत आपोआप येतात.

सेवेतून सुटल्यावर गेलेला असेल तर मृत्यू मुदतीतच हवा, आणि तो सेवेतल्या जखमेमुळे किंवा आजारामुळे झाला हे कागदाने दाखवावं लागतं. इथे बहुतेक प्रकरणं अडतात. अपंग-पेन्शनीचा कागद किंवा नाव कमी करताना दिलेला वैद्यकीय शेरा मिळाला तरच पुढे जा.

आणि फौजेबरोबरची ‘नोकरमाणसं’: भिस्ती, धोबी, न्हावी, सफाईवाले, पालखी-डोली उचलणारे, खेचरं हाकणारे ‘ड्राबी’. ही माणसं फौजेचाच भाग होती. त्यांच्या घरी पोथी नव्हती, पेटी नव्हती आणि जातीमुळे कुणी पुढे विचारलंही नाही. तुमच्या हाताशी वेळ असेल तर स्वतःच्या खापरपणजोबांआधी अशा एखाद्या घराला मदत करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुरावे कुठे मिळतील

तीन गोष्टी सिद्ध करायच्या: माणूस सेवेत होता, अमुक तारखेला गेला आणि (सुटल्यावर गेला असेल तर) मृत्यूचं कारण सेवेशी जोडलेलं होतं.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र व राजकीय खात्याच्या फायली आहेत. इम्पीरियल सर्व्हिस ट्रूप्सबद्दलचा पत्रव्यवहार त्यांत येतो. जाण्याआधी घरबसल्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर फायलींची नावं शोधा आणि ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा यांची जुनी इंग्रजी वळणंही टाकून पाहा. संस्थानी कागदांसाठी ग्वाल्हेर-इंदूरच्या माणसाने भोपाळच्या राज्य अभिलेखागाराची वाट धरावी, बडोदेकरांनी शहरातल्याच अभिलेख कार्यालयाची. ग्वाल्हेर संस्थानचं ‘जयाजी प्रताप’ साप्ताहिक चाळायला मिळालं तर बघा, पण आशा कमी ठेवा. माधवराव महाराजांनी उभारलेल्या ‘लॉयल्टी’ या इस्पितळ-जहाजाचं कौतुक त्या काळच्या कागदांत भरपूर मिळतं. साध्या शिपायाचं नाव छापून येणं विरळा.

लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत आणि बऱ्याच आता संगणकावर उतरवता येतात. त्यांत गोऱ्या अधिकाऱ्याला साधी जखम झाली तरी नाव येतं आणि हिंदी शिपाई मेला तर ‘एक शिपाई मृत’. राग येतो, पण तो आकडासुद्धा कामाचा असतो. नोंदीतल्या तारखेला ती पलटण कुठे होती, त्या आठवड्यात आजार किती पसरला होता, हे तिथून कळतं. युद्धकैद्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पहिल्या युद्धाची कार्डं संकेतस्थळावर ठेवली आहेत. कुतच्या माणसांसाठी तिथे जरूर डोकवा. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये सैनिकी इतिहासाचं केंद्र आहे. अडलात तर नेमका प्रश्न घेऊन तिथे लिहा.

पंजाबातल्या लोकांचा मला हेवा वाटतो. लाहोर संग्रहालयात तिथल्या सुमारे ३,२०,००० शिपायांची गाववार रजिस्टरं निघाली. आपल्याकडे गावच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एखादी संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके गेले, इतके मेले. मूळ गावी गेलात तर ती शोधा. चुन्याखाली गेली असेल तर सरपंचांना सांगून हलक्या हाताने साफ करवून घ्या.

फाइल बांधताना

पहिलं पान एकच असू द्या: वर माणसाचं नाव (सगळी वळणं), बापाचं नाव, नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण. खाली तुमची मागणी एका वाक्यात: नवी नोंद, की दुरुस्ती? दोन्ही एकत्र मागू नका.

दुसऱ्या पानावर जुळणीचा तक्ता. डावीकडे घरचा कागद, उजवीकडे सरकारी कागद, मध्ये जुळणारी गोष्ट. जे जुळत नाही तेही त्याच तक्त्यात लिहा आणि का जुळत नाही ते सांगा. आम्ही पोथीतली तिथी लपवली नाही. मृत्यूची बातमी उशिरा येण्याचा आणि त्या तिथीला श्राद्ध धरण्याचा रिवाज चार ओळींत समजावला. आडनावाच्या वळणांचाही एक छोटा परिच्छेद दिला: देवनागरीतलं मूळ अक्षर, त्याचा उच्चार, इंग्रजी कान ते कसं ऐकतो. परक्या माणसाला विसंगती नंतर सापडली की तो अख्ख्या फायलीवर संशय घेतो.

मूळ कागद, पदक, तबकडी कधीही पोस्टाने पाठवू नका. स्पष्ट स्कॅन पुरतात. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि मजकुरात त्याच क्रमांकाने उल्लेख करा. वंशावळीचा तक्ता जोडायला हरकत नाही, पण सात पिढ्यांचा नको.

अर्ज कमिशनच्या संकेतस्थळावरून जातो. निकाल कमिशन एकट्याने देत नाही. ज्या फौजेचा माणूस, तिच्या वतीने निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे प्रकरण जातं, म्हणून महिने लागतात, कधी वर्षही उलटतं. दर पंधरा दिवसांनी विचारणा करून काही हलत नाही. मधल्या काळात नवा कागद मिळाला तर जुन्या अर्जाचा क्रमांक घालून तेवढाच पाठवा. नकार आला तर कारण नीट वाचा. बहुतेक वेळा ‘पुरावा अपुरा’ असं असतं, ‘पात्र नाही’ असं नसतं, आणि नव्या पुराव्यावर प्रकरण पुन्हा उघडता येतं.

स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत गेलेल्यांची वाट वेगळी आहे. त्यांच्यासाठी २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालेलं दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर २५,००० हून जास्त नावं आहेत. नाव राहिलं असेल किंवा चुकलं असेल तर सुरुवात रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसपासून करा आणि सोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र घ्या. तिथे कागद अलीकडचे, त्यामुळे काम सरळ.

नोंद झाल्यावर

मंजुरी आली की आधी संगणकावरची यादी सुधारते. दगडावरचं काम पुष्कळ मागाहून, आणि कोणत्या स्मारकावर ते कमिशन ठरवतं. नवी नोंद दिसताच अक्षर न् अक्षर तपासा, कारण दुरुस्तीतही टंकनाची चूक होते. मग संकेतस्थळावरून स्मृतिप्रमाणपत्र उतरवून त्याच्या दोन-तीन छापील प्रती काढा.

आमच्या दुरुस्तीत आडनाव सरळ झालं, बापाचं नाव आणि ग्वाल्हेर जोडलं गेलं. याच शोधात मृत्यूचं कारणही कळलं. पणजोबांचे भाऊ गोळीने गेले नव्हते, इस्पितळात आमांशाने गेले होते. म्हणजे शंभर वर्षं चतुर्दशीला वाढलेलं पान शास्त्राप्रमाणे त्या दिवसाचं नव्हतंच. आता तिथी मिळाली आहे, ज्येष्ठातली. छापील प्रत घेऊन त्र्यंबकला गेलो, उपाध्यायांनी वही काढली आणि ‘आफ्रिकेत मयत’ या ओळीपुढे तारीख घातली.

आत्याला विचारलं, पान आता तिथीला वाढायचं का? ती म्हणाली, “त्यांना चतुर्दशीची सवय झाली असेल रे. राहू दे.”